दारू सोडण्यासाठी ए.ए. मीटिंग: शोधायची कशी आणि पहिल्या दिवशी तिथे काय होतं?

"मी श्रावण कडक पाळतो, म्हणजे मी काही बेवडा नाही." हे वाक्य आपल्याकडे कितीतरी घरांत ऐकू येतं. महिनाभर थेंबालाही शिवायचं नाही, पण त्याआधी गटारीला भरपाई करून घ्यायची. कुणी माळ घालतं, कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतं. त्यातल्या काहींची दारू खरोखर सुटते. पण अनेकांच्या बाबतीत शपथ मनापासून घेतलेली असते, तेव्हा डोळ्यांत आलेलं पाणीही खरं असतं आणि तरीही पंधरा दिवसांनी संध्याकाळी पाय पुन्हा त्याच गल्लीकडे वळतात.

शपथ एकदाच घेतली जाते, संध्याकाळ मात्र रोज येते. त्या वेळी माणूस एकटा पडतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए.ची मीटिंग, याच एकटेपणावरचा उपाय आहे. ती फुकट असते, तिथे नाव-गाव लिहून घेत नाहीत आणि दारू आधी सोडून या असंही कुणी सांगत नाही. तरीही बहुतेक लोक दारापर्यंत पोहोचायलाच कित्येक महिने लावतात, कारण आत काय होतं हे माहीत नसतं. म्हणून ही माहिती.

ए.ए. म्हणजे नेमकं काय?

दारू सोडू इच्छिणाऱ्या लोकांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली ही संघटना आहे. ते हॉस्पिटल नाही, व्यसनमुक्ती केंद्र नाही आणि कुठल्या बुवा-महाराजांचा पंथही नाही. मीटिंग चालवणारा माणूस डॉक्टर किंवा समुपदेशक नसतो. तोही कधीकाळी तुमच्यासारखाच पीत होता.

सुरुवात अमेरिकेतली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात आले होते. त्यांची दारू सुटून काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं आणि हॉटेलात एकटे असताना प्यायची प्रचंड इच्छा झाली. त्यांनी बारमध्ये जाण्याऐवजी फोन उचलला आणि दारूशी झगडणारा दुसरा कुणी माणूस शहरात आहे का, याची चौकशी सुरू केली. त्यातून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर पंधरा मिनिटांसाठी म्हणून आले आणि काही तास बोलत बसले.

या भेटीत विल्सन उपदेश करायला गेले नव्हते. दुसऱ्या दारूबाजाशी बोललं तर आपण आज वाचू, एवढाच त्यांचा हिशेब होता. ए.ए.ची सगळी पद्धत आजही याच कल्पनेवर चालते. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ ला शेवटचा पेग घेतला आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. भारतात ए.ए. १९५७ मध्ये सुरू झाली. आज मुंबई, पुणे, गोव्यासह देशाच्या अनेक भागांत तिचे समूह आहेत.

मीटिंगला जायला काय लागतं?

दारू सोडायची इच्छा, बस. सदस्य होण्यासाठी एवढी एकच अट आहे. त्यामुळे खालच्या गोष्टी लागत नाहीत:

- फी. प्रवेश शुल्क किंवा वर्गणी नसते. शेवटी एक पेटी किंवा पिशवी फिरते. खोलीचं भाडं आणि चहा यासाठी सदस्य त्यात स्वेच्छेने पैसे टाकतात. पहिल्यांदा आलेल्याने काहीच टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्यांकडून देणग्या न घेण्याचा ए.ए.चा नियम आहे.
- ओळखपत्र किंवा चिठ्ठी. आधार कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, घरच्यांची संमती, काही नको.
- 'मी दारुडा आहे' ही कबुली. आपण त्या टोकाला पोहोचलोय की नाही, याची खात्री नसतानाही जाता येतं. ते तुमचं तुम्ही ठरवायचं, दुसरं कुणी तुमच्यावर शिक्का मारत नाही.
- आधी दारू सोडलेली असणं. काल प्यायला असाल तरी आज जाता येतं.

थांबा, रोज पीत असाल तर हे आधी वाचा

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, झोप न लागणं सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. घरचे याला 'बाहेरची बाधा' समजतात आणि दवाखान्याऐवजी भलतीकडेच नेतात. प्रत्यक्षात ही वैद्यकीय आणीबाणी असते.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागत असेल, पूर्वी दारू बंद केल्यावर आकडी आली असेल किंवा यकृताचा, हृदयाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरला भेटा. योग्य औषधांच्या मदतीने दारू सुरक्षितपणे बंद करता येते. मीटिंग हा त्या उपचारांना पर्याय नाही. दोन्ही एकत्र चालू शकतात. डॉक्टरने दिलेली औषधं मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तो सल्ला देणं हे त्यांचं काम नाही आणि ए.ए.ची भूमिकाही तीच आहे.

मीटिंग शोधायची कशी?

१. अधिकृत यादी पाहा. ए.ए.च्या भारतातल्या मुख्य कार्यालयाच्या, म्हणजे जीएसओ इंडियाच्या, संकेतस्थळावर मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइन मिळते. सर्च करताना आपल्या शहराचं नाव आणि 'ए.ए. मीटिंग' असं टाका. मात्र 'सात दिवसांत दारू सोडवा'वाल्या जाहिराती त्यातच मिसळलेल्या असतात. पैसे मागितले की समजा, ती ए.ए. नाही.

२. निघण्याआधी फोन करा. वेळा आणि जागा बदलतात. फोन उचलणारा स्वतः सदस्य असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. काय बोलावं सुचत नसेल तर एवढंच बोला: "दादा, मला दारूचा त्रास आहे. मीटिंगला यायचंय, पहिलीच वेळ आहे." पुढचं ते विचारतील. तुम्ही एवढं मात्र नक्की विचारा: मीटिंग कुठल्या दिवशी, किती वाजता? मराठीत असते का? जागेची खूण काय? बाहेर कुणी भेटेल का?

३. 'खुली' की 'बंद' ते विचारा. खुल्या मीटिंगला घरचे, मित्र, विद्यार्थी असं कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. सोबत भाऊ किंवा बायको येणार असेल तर खुली मीटिंग निवडा.

४. भाषा बघा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मीटिंग होतात. आपल्या भाषेत दुःख सांगणं सोपं जातं, म्हणून त्यासाठी दोन स्टेशनं पुढे जावं लागलं तरी जा.

५. गावात समूह नसेल तर ऑनलाइन. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या मीटिंग आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना, रात्रपाळी करणाऱ्यांना, आखाती देशांत किंवा युरोप-अमेरिकेत असलेल्या मराठी माणसांना त्यांचा उपयोग होतो. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येईल का, हे आधी विचारून घ्या. अमेरिका आणि कॅनडात ए.ए.चं 'मीटिंग गाइड' हे मोफत अॅप जवळची मीटिंग दाखवतं.

पहिल्या दिवशी काय होतं?

जागा साधी असते. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्यातली एखादी खोली. चर्चमध्ये मीटिंग असली म्हणून ती ख्रिस्ती धर्माची होत नाही. खोली परवडते आणि संध्याकाळी मोकळी असते, एवढंच त्याचं कारण.

दहा मिनिटं आधी पोहोचा. बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही "मी नवीन आहे" एवढं सांगितलं तरी पुरे. खुर्ची दाखवली जाते, बहुधा चहा हातात येतो. मागच्या रांगेत बसलात तरी हरकत नाही.

मीटिंग साधारण एक ते दीड तास चालते. सुरुवातीला ए.ए. म्हणजे काय ते थोडक्यात वाचून दाखवतात. काही ठिकाणी सगळे मिळून छोटी प्रार्थना म्हणतात. मग सदस्य एकेक करून बोलतात. यालाच तिथे 'शेअरिंग' म्हणतात. बोलणारा आपलं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे असं सांगतो आणि मग आपली गोष्ट सांगतो: आधी काय होतं, मग काय घडलं, आता कसं चाललंय.

मध्ये कुणी टोकत नाही, प्रश्न विचारत नाही, 'तू असं करायला हवं होतंस' असं सुनावत नाही. घरी, नातेवाइकांत, ऑफिसात प्रत्येकाने सल्ला दिलेला असतो. इथे ऐकून घेतात. पगार झाल्या दिवशीच संपायचा, मुलगी मैत्रिणींना घरी आणेनाशी झाली, बाटली पाण्याच्या टाकीमागे लपवायचो, अशा गोष्टी कुणीतरी हसत हसत सांगतो आणि आजूबाजूचे माना डोलावतात. 'हे फक्त माझ्याच बाबतीत घडतं' असं वाटणाऱ्या नव्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो.

तुम्हाला बोलावं लागेल का? नाही. बोलायला सुचवलं तर "आज फक्त ऐकतो" म्हणा. ते पूर्णपणे मान्य असतं.

एखाद्याला दारू सोडून वर्ष झालं असेल तर त्याचा 'वाढदिवस' साजरा होतो. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात. पन्नाशीचा माणूस पहिला वाढदिवस साजरा करताना पाहिला की गंमत वाटते, पण मागे बसलेल्या त्याच्या बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं की त्याचा अर्थ कळतो.

शेवटी काही जण येऊन बोलतील, फोन नंबर देतील. नंबर घ्या. प्यायची इच्छा झाली की पिण्याआधी फोन करायचा, यासाठी तो असतो. तुमचा नंबर देणं मात्र बंधनकारक नाही.

'फक्त आजचा दिवस' म्हणजे काय?

'आयुष्यभर पिणार नाही' हा विचारच अनेकांना घाबरवतो. मुलाच्या लग्नात काय? एकतीस डिसेंबरला काय? म्हणून मीटिंगमध्ये आयुष्यभराची शपथ घ्यायला लावत नाहीत. आज प्यायची नाही, एवढंच ठरवायचं. आज जड जात असेल तर पुढचा एक तास. उद्याचं उद्या.

जुने सदस्य आणखी एक सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार गोष्टी सांभाळा. संध्याकाळी तलफ आली तर आधी पोटभर जेवा आणि कुणाला तरी फोन करा.

पुढे ए.ए.च्या 'बारा पायऱ्या' येतात. त्यात स्वतःकडे प्रामाणिकपणे बघणं, ज्यांना दुखावलं त्यांची शक्य तिथे भरपाई करणं, अशा गोष्टी आहेत. त्यासाठी एखादा अनुभवी सदस्य 'स्पॉन्सर' म्हणून सोबत करतो. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे, वाट दाखवणारा. पण पहिल्या दिवशी याची काळजी करू नका.

ओळखीचं कुणी भेटलं तर?

ही सगळ्यांत मोठी भीती असते. कॉलनीतले काका समोर बसलेले दिसले तर? लक्षात घ्या, तेही त्याच कारणासाठी आलेले असतात.

संघटनेच्या नावातल्या 'अॅनॉनिमस'चा अर्थच निनावी. इथे कोण भेटलं आणि काय ऐकलं, हे बाहेर सांगायचं नाही, हा पाया आहे. तो पाळला जाईल याची कायदेशीर हमी नसते, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळी गुपितं उघडी करायची गरज नाही. आणि तुम्हीही तो पाळा. मीटिंगमधला सेल्फी, स्टोरी, लोकेशन टॅग काहीही टाकू नका. तुमच्या फोटोच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या माणसाची नोकरी त्यामुळे जाऊ शकते.

देव मानत नसेन तर?

बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, पण तो 'आपल्याला समजेल तसा' असा. कुणी विठ्ठल म्हणतं, कुणी निसर्ग, कुणी त्या खोलीतल्या माणसांनाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतं. नास्तिक सदस्यही आहेत. प्रार्थनेच्या वेळी नुसतं उभं राहिलात तरी चालतं. तरीही हे पटलं नाही तर 'स्मार्ट रिकव्हरी'सारखे देवाधर्माशी संबंध नसलेले गट आहेत आणि त्यांच्या ऑनलाइन मीटिंग होतात.

बायकांनी जावं का?

जरूर. पिणाऱ्या स्त्रीला समाज जास्त बोल लावतो, म्हणून ती जास्त लपवते आणि मदत उशिरा घेते. अनेक समूहांत पुरुषांची संख्या जास्त असते. त्यामुळे फोनवर विचारा: "ताईंची वेगळी मीटिंग आहे का? महिला सदस्याशी बोलता येईल का?" पहिल्यांदा खुल्या मीटिंगला मैत्रिणीला सोबत नेता येतं. स्त्रियांनी स्त्री स्पॉन्सर घ्यावी, असाच प्रघात आहे. कुणी मदतीच्या नावाखाली नको तितकी जवळीक साधत असेल, पैसे मागत असेल, तर लगेच दूर व्हा, समूहातल्या इतरांना सांगा आणि दुसरा समूह निवडा. हे पुरुषांनाही लागू आहे. ए.ए.त सगळ्या प्रकारची माणसं येतात.

घरच्यांनी काय करावं?

पिणारा यायला तयार नसेल तरी घरच्यांना स्वतःसाठी आधार घेता येतो. त्यासाठी 'अल-अॅनॉन' हे वेगळे समूह आहेत. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये त्यांची सुरुवात करण्यात पुढाकार घेतला. व्यसनी आई-वडिलांच्या किशोरवयीन मुलांसाठी 'अलाटीन' आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवणारी पावडर' जेवणात कालवू नका. अशा पावडरीत नेमकं काय आहे, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणूस वर दारू प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने.

घरात मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट बघू नका. ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करा.

याचा खरंच उपयोग होतो का?

२०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, म्हणजे १०,५६५ लोकांच्या माहितीचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. व्यावसायिकांच्या मदतीने पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडलेल्या लोकांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षभरानंतर दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. म्हणजे उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. ही जादू नाही आणि कुणी तशी हमी देत असेल तर सावध राहा.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठल्यातरी स्वरूपाची मदत मिळते. बाकीचे दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

ज्यांना मीटिंगपेक्षा जास्त मदत हवी, त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण त्यातलं मराठी माणसाला सर्वांत परिचित. केंद्रातून घरी आल्यावर पहिले काही महिने नाजूक असतात आणि नेमकी तेव्हाच मीटिंगची सोबत उपयोगी पडते.

आवडली नाही तर? पुन्हा प्यायलो तर?

प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे वयस्कर मंडळी, कुठे तरुण, कुठे गप्पा, कुठे शांतता. एका मीटिंगवरून निकाल लावू नका. निदान पाच-सहा वेळा जा, तेही दोन-तीन वेगळ्या समूहांत. सुरुवातीला ९० दिवसांत ९० मीटिंग करा असा सल्ला जुने सदस्य देतात. तेवढं जमलं नाही तर आठवड्यातून जमतील तितक्या करा.

घसरलात तर परत जा. कुणी हाकलत नाही. प्यायलेल्या अवस्थेत गेलात तर बहुधा शांत बसून ऐकायला सांगतील, फक्त गाडी चालवत जाऊ नका. डॉ. बॉब स्वतः विल्सनना भेटल्यावर काही आठवडे चांगले राहिले, मग एका परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. १० जूनची तारीख त्यानंतरची आहे.

हे नंबर फोनमध्ये ठेवा

- १४४४६: व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन
- १४४१६: टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी २४ तास मोफत, मराठीतही. जीव द्यावासा वाटत असेल तर लगेच लावा
- १०८: आकडी, भ्रम, बेशुद्धी असेल तर अॅम्ब्युलन्स

हे वाचताना एखादा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, तर त्याला फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर टॅग करू नका. वेगळं, त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवा आणि खाली लिहा: "जायचं असेल तर दारापर्यंत मी येतो." आणि तो चेहरा तुमचा स्वतःचाच असेल, तर आज फक्त एक करा. जवळची मीटिंग कधी आहे, ते विचारायला फोन लावा.